पॅन्ट्रीत रेंज आली

अमेरिकेतल्या शॉमबर्ग या उपनगरात मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये चार वर्षं भाड्याने राहिलो, ते काका दारात आलेल्या माणसाला 'या, बसा' म्हणत नसत. 'किती दांड्या?' असं विचारत. पाहुणा गोंधळला की ते त्याच्या हातातला मोबाईल स्वतःच घेत, चष्मा कपाळावर सरकवून रेंजच्या दांड्या मोजत आणि मग सांगत, "पायरीवर चार, आत आल्यावर एक. अपेक्षित आहे. बसा आता."

मलाही त्यांनी असंच घरात घेतलं. मी नागपूरहून नुकताच आलो होतो. व्हिसा नवा, थंडीचं जाकीट नवं, आणि अमेरिकेबद्दलचे सगळे गैरसमज शाबूत. भाडं, किल्ली, कचऱ्याचा वार हे विषय काकूंनी दोन मिनिटांत उरकले. त्यानंतर काकांनी मला घर दाखवलं, त्याला पाऊण तास लागला.

"हे जेवणाचं टेबल. या खुर्चीत दीड दांडी. मान डावीकडे वळवलीस तर दोन. ही खुर्ची माझी. तिकडे सोफ्यावर एक, पण फ्रीज सुरू झाला की तीही जाते. वरचं बाथरूम, तीन. घरातली सगळ्यात चांगली जागा ती. महत्त्वाचे फोन तिथून करायचे. आणि ही," स्वयंपाकघराला लागून असलेल्या डबे ठेवायच्या खोलीचं दार उघडून ते म्हणाले, "ही पॅन्ट्री. इथे शून्य. एकदम स्वच्छ शून्य."

लोक नवी गाडी दाखवतात तशी त्यांनी ती पॅन्ट्री दाखवली. मी आत डोकावून मान हलवली. दुसरं काय करणार?

आता यातली गंमत अशी की काकांनी उभा जन्म लोकांना रेंज पुरवण्यात घालवला होता. एका मोबाईल कंपनीत ते पंचवीस वर्षं होते. टॉवर कुठे उभा करायचा, त्याच्या अँटेनाचं तोंड कुठे वळवायचं, ते किती वाकवायचं, हे ठरवायचं त्यांचं काम. निम्म्या उपनगराचे फोन त्यांच्या हिशेबावर चालत होते. आणि स्वतःचं घर मात्र खोलगट जागेत, बाहेरून अॅल्युमिनियमचे पत्रे, भिंतींच्या आत चांदीच्या कागदाचं अस्तर. "घर नाही रे हे, डबा आहे," ते म्हणायचे. "पण झाकण घट्ट आहे."

मी एकदा भोळेपणाने विचारलं, "काका, तुम्ही एक टॉवर इकडे जवळ का नाही उभा करून घेतला?"

ते इतके दुखावले की हातातला चहा त्यांनी खाली ठेवला. "अरे, न्यायाधीश स्वतःच्या मुलाचा खटला चालवतो का?"

भारतातून पाहुणे आले की लोक त्यांना डाउनटाउन, तळं, उंच इमारती दाखवतात. काका त्यांना टॉवर दाखवायचे. त्यातला एक त्यांचा फार लाडका होता. एका चर्चच्या मनोऱ्यात कोणाला दिसणार नाहीत असे अँटेना बसवलेले होते. काका गाडी बरोबर समोर उभी करत, काच खाली करत आणि म्हणत, "या देवळातून वर आवाज पोचतो याची गॅरंटी मी देतो. लेखी." काकूंच्या सांगलीच्या मावशींनी तिथे गाडीतूनच हात जोडले होते. त्या हात जोडताहेत हे बघून काकांनी, तो नमस्कार आपल्यालाच असल्यासारखी, मान किंचित खाली घातली, असं काकू सांगायच्या.

त्यांची काही वाक्यं ठरलेली होती. "टॉवर लांब असला की फोनला जास्त ओरडावं लागतं. बॅटरी त्यातच संपते. माणसांचंही तसंच आहे." किंवा, कोणी फार फुशारक्या मारायला लागलं की, "फुल रेंज आहे, पण पलीकडे कोणी उचलत नाहीये." तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांविषयी ते हे त्यांच्यासमोरच म्हणाले होते. अध्यक्षांना ते कौतुक वाटलं.

वरच्या बाथरूमची ख्याती तर मंडळभर होती. गणपतीत काकूंकडे चाळीस माणसं आरतीला यायची आणि निम्मी वर जिन्यात रांग लावून उभी असायची. नवीन आलेल्यांना वाटायचं, प्रसादात काहीतरी झालंय. फ्लशच्या टाकीवर काकांच्या सुवाच्य अक्षरातली पाटी होती: 'कोणी फोनवर नाही ना, हे पाहूनच पाणी सोडावे.' माझ्या दुसऱ्या नोकरीचा इंटरव्ह्यू मी तिथे दिला आहे. इस्त्रीचा शर्ट घालून, कोरड्या टबमध्ये मांडी घालून. समोरचा माणूस म्हणाला, तुमचा आवाज घुमतोय, मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये आहात का? मी हो म्हणालो. नोकरी मिळाली. काकांनी त्याचं श्रेय टबला दिलं.

घरात साधा, तारेचा फोनही होता. पण त्याला काका हात लावत नसत. तो वाजला की पेपर वाचत बसून राहायचे. "आयुष्यभर बिनतारीचं खाल्लं, आता तारेला हात लावणार नाही," हे त्याचं कारण. ईमेल ते उघडायचे, पण फक्त टॉवरविषयीच्या. त्यामुळे त्यांना गाठायचं तर मोबाईलवर, आणि तेही ते दीड दांडीच्या खुर्चीत बसलेले असताना.

त्यांना असं गाठणारं माणूस एकच होतं. त्यांची लेक. दूर पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला एका बायोटेक कंपनीत होती. इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत द्यायची. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा आणि काका अर्धा तास आधीपासून मान डावीकडे वळवून बसायचे. त्यांना थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. त्यामुळे बापलेकीचं बोलणं स्वयंपाकघरात असलेल्या प्रत्येकाला ऐकू जायचं, आणि रविवारी दुपारी काकूंच्या हातचं जेवायला मी स्वयंपाकघरात असायचोच.

या लेकीचं लग्न काकांनी जमवलं होतं. जावई त्यांच्याच ऑफिसातल्या जिवलग मित्राचा मुलगा. दोन्ही पोरं अमेरिकेत वाढलेली, त्यांना कोण काय जमवून देणार, असं लोक म्हणत होते. काकांनी ते जमवून दाखवलं आणि पुढे तीन वर्षं मंडळात ज्याला त्याला ऐकवलं. "दोन्ही घरं मला माहीत. मध्ये एकही डोंगर नाही, एकही झाड नाही. सरळ रेषेत सिग्नल."

मी राहायला गेलो तेव्हा सुरुवातीला रविवारच्या फोनवर मागून जावयाचा आवाज यायचा. "नमस्कार, बाबा!" मोठ्याने, अमेरिकन उच्चारात. मग एका हिवाळ्यापासून तो यायचा बंद झाला. मला ते बरेच दिवस लक्षात आलं नाही. ज्या माणसाने पंचवीस वर्षं खरखरीतून आवाज वेगळा काढला, त्याच्या ते पहिल्याच रविवारी लक्षात आलं असणार.

याच सुमारास काकांना दाण्याच्या कुटाची गरज पडायला लागली.

व्हायचं असं. आधी हवापाणी, गुडघे, लॅबमधल्या गमती. मग लेक जरा थांबायची आणि म्हणायची, "बाबा, लिसन. आय नीड टू टॉक टू यू अबाउट समथिंग."

की काका उठायचे. "हो हो, बोल ना," म्हणत पॅन्ट्रीकडे चालायला लागायचे. "बोल, ऐकतोय... काय? तुटतंय गं... हॅलो?" दार लावून घ्यायचे. आतून आणखी एक हॅलो. मग शांतता. मिनिटभराने हातात कुटाचा डबा घेऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "कट झाला."

पहिल्यांदा मला वाईट वाटलं. तिसऱ्यांदा मी काकूंकडे बघितलं. काकू पोळी लाटत होत्या.

"घरात तीन डबे कूट आहे," त्या म्हणाल्या. "मी करत नाही हल्ली. हे बाहेर आणतात तेच संपत नाही."

"काकू, त्यांना कळलंय का? म्हणजे, काय झालंय ते?"

"सगळं कळलंय. ऐकायचं नाहीये."

"मग तुम्ही सांगून टाका ना एकदाचं."

काकूंनी लाटणं थांबवलं. "तिने मला बजावलंय, आई, मी सांगणार. आणि माझ्या तोंडून कळलं ना, की हे तिला कधीच काही विचारणार नाहीत. दर रविवारी हवापाणी बोलतील. जन्मभर. मला नकोय तसं." ती पोळी जरा वाकडीच झाली.

मी त्या वेळी काकांवर मनातून चिडलो होतो. खरं तर मला तो अधिकार नव्हता. नागपूरहून आईचा फोन आला, आणि तिने 'मुलगी एम.एस. झालेली आहे, फोटो पाठवलाय' असं सुरू केलं की मीही पॅन्ट्रीत जायला लागलो होतो. मला ती युक्ती काकांनीच शिकवली. "दार लावून घ्यायचं विसरू नको. फटीतून अर्धी दांडी येते." अशी तीन चांगली स्थळं मी त्या कुटाच्या डब्यांशेजारी घालवली आहेत.

दोन हजार आठच्या उन्हाळ्याच्या शेवटी बॉथेलहून एक खोकं आलं. मायलेकींच्या आणि काकांच्या मोबाईलचा एकच फॅमिली प्लॅन होता, त्यावर लेकीने ते मागवलं होतं. आत जाड पुस्तक उभं ठेवावं एवढा एक पांढरा डबा. तो घरच्या इंटरनेटला जोडायचा, की घरापुरता मोबाईलचा टॉवर तयार. सोबत तिची चिठ्ठी होती, इंग्रजीत, पण वर 'बाबा' हे मराठीत काढलेलं. हे लावा, म्हणजे आपला फोन कट होणार नाही, एवढंच त्यात होतं.

काकांनी चिठ्ठी वाचली आणि भडकले. "रेंजचा खड्डा कंपनीचा, आणि बुजवायचा आपण? इंटरनेट आपलं, वीज आपली, आणि टॉवर म्हणे! हा टॉवर आहे? याच्यावर कावळा तरी बसेल का?"

"बसव रे तू," काकू मला म्हणाल्या.

मी कोड लिहिणारा माणूस. तारांशी माझं नातं चार्जरपुरतं. डबा मी टीव्हीच्या मागे ठेवला, कारण इंटरनेटची तार तिथे होती. लाल दिवा लागला. मी तार काढून परत लावली. लाल दिवा. काका खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर उघडा होता. पान काही उलटत नव्हतं. मी डबा आडवा केला. लाल. मी त्याला दोन चापट्या मारल्या.

पेपर खाली आपटला. "अरे, मारतोस काय त्याला! गाढवा, त्याला आकाश दिसायला हवं! आपण कुठे आहोत हे उपग्रहाला विचारल्याशिवाय तो काम सुरूच करणार नाही. आण इकडे."

आणि मग पुढचे चार तास काकांनी जे काम केलं ते मी कधी विसरणार नाही. गॅरेजमधून तीस फुटी तार आणली. दक्षिणेच्या खिडकीतली काकूंची तुळस बाजूला सरकवली आणि डबा तिथे उभा केला. दिवा निळा झाला. एवढ्यावर दुसरा माणूस थांबला असता. काकांनी घराचा नकाशा काढला. प्रत्येक खोलीत, प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून दांड्या लिहिल्या. बेसमेंटच्या एका कोपऱ्यात तीनच येतात म्हणून डबा चार इंच डावीकडे सरकवला. धुण्याच्या मशीनमागे अडतं म्हणून खाली पाट घालून उंच केला. साठी उलटलेला माणूस जिने पळत चढत-उतरत होता. "चार! अरे, इथेही चार!" असा त्यांचा आवाज घरभर फिरत होता. काकू मला हळूच म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा असे बघतेय."

शेवटी ते फोन हातात धरून पॅन्ट्रीत गेले आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाहेर आले तेव्हा त्यांनी नकाशावर पॅन्ट्रीच्या चौकोनात चार लिहिलं. आकडा लिहिताना कारागिराचं समाधान होतं, आणि पेन खाली ठेवताना ते नव्हतं. "पॅन्ट्रीतही आली," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी फोन वाजला. हवापाणी झालं. गुडघे झाले. आवाज इतका स्पष्ट येत होता की तिकडे केटलमध्ये पाणी उकळत होतं तेही कळत होतं.

"बाबा, लिसन. आय नीड टू टॉक टू यू."

काका उठले आणि पॅन्ट्रीत गेले. सवयच ती. "हो, बोल... तुटतंय..." पण तुटत काहीच नव्हतं. आतून लेकीचा आवाज खणखणीत आला, "नो, आय कॅन हिअर यू फाइन, बाबा." ते बाहेर आले. बेसमेंटच्या जिन्याने खाली गेले, तिथूनही तिचं बोलणं वर ऐकू येत होतं. वर आले, गॅरेजमध्ये गेले. चार दांड्या. मग सपाता घालून सरळ रस्त्यावर पत्रपेटीपर्यंत गेले. तिथे तर बाहेरच्या मोठ्या टॉवरची रेंज होती, आणि घरातल्या डब्याकडून फोन मोठ्या टॉवरने अलगद उचलून घेतला. चालता फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे न तुटता जावा, यासाठी त्यांनी अर्धी नोकरी खर्ची घातली होती. काम चोख झालं होतं.

ते परत आत आले आणि खिडकीपाशी, डब्याजवळ उभे राहिले. एका हातात फोन. दुसरा हात त्यांनी डब्याच्या तारेवर ठेवला. नुसतं ओढायचं होतं. काकू ओट्याला टेकून बघत होत्या. मीही घास हातात धरून बसलो होतो.

"वी आर नॉट टुगेदर एनीमोर, बाबा," लेक म्हणाली. "आय मूव्ह्ड आउट इन नोव्हेंबर. मी... आय ट्राइड टेलिंग यू. सो मेनी टाइम्स. द कॉल कीप्स ड्रॉपिंग."

काकांनी तारेवरचा हात काढला.

"हॅलो? बाबा? आर यू देअर?"

"आहे," ते म्हणाले. "कॉल ड्रॉप होत नव्हता गं. मी करत होतो. आत जाऊन. पॅन्ट्रीत." "तो मुलगा मी आणला होता ना. मला वाटलं, ऐकलंच नाही तर..."

आता तिकडून आवाज येईना. काकांनी फोन कानापासून लांब धरून दांड्या बघितल्या, परत कानाला लावला आणि घाबरून माझ्यावरच ओरडले, "दिवा बघ, दिवा! निळा आहे का? गेली का रेंज?"

"निळा आहे, काका."

"हॅलो? बाळा? आहेस ना? हॅलो!"

"आय नो, बाबा," लेक म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "आईने सांगितलं मला पॅन्ट्रीचं. व्हाय डू यू थिंक आय सेंट द बॉक्स?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि भांडी लावायला घेतली. मी ताटातली आमटी उगाच ढवळत बसलो.

तेवढ्यात काकांचा फोन टुक् असा वाजला. बॅटरी संपत आली होती.

"चार्जर!" ते एवढ्या जोराने ओरडले की काकूंच्या हातून वाटी पडली. "चार्जर आणा! अरे, पळ ना! बसलायस काय? बाळा, ठेवू नको हं, अजिबात ठेवू नको, एक मिनिट, चार्जर आणतोय हा, बोलत राहा तू!"

मी जिना दोन दोन पायऱ्या टाकत चढलो आणि चार्जर घेऊन आलो. त्याची वायर हातभर, आणि स्वयंपाकघरातला मोकळा प्लग एकच, फरशीपासून वीतभर उंचीवर. काकूंनी खुर्ची पुढे केली, पण खुर्चीत बसून वायर कानापर्यंत पुरेना. मग गुडघ्यांमुळे सत्यनारायणाच्या पूजेलाही स्टुलावर बसणारे काका माझ्या खांद्याला धरून, आई आई गं करत, खाली फरशीवर बसले. भिंतीला टेकले, पाय लांब केले आणि फोन कानाला घट्ट लावला.

"हां," ते म्हणाले. "आता सांग. पहिल्यापासून सांग."